ओपिऑइडच्या पेशंटसोबत काम सुरू करताय? सोलापुरातल्या नवीन मंडळींसाठी पायरी-पायरीने

दरवर्षी या कामात नवीन लोक येतात. एमएसडब्ल्यूची मुलं-मुली, नर्सिंगवाल्या, इंटर्न डॉक्टर, कधी एखादी आशाताई, कधी स्वतः बरा होऊन आलेला कुणी. आणि बहुतेकांच्या डोक्यात एकच चित्र असतं, वस्तीत जायचं, माईकवर "नशा सोडा" म्हणायचं, शपथ द्यायची, फोटो काढायचा. ते करायला हरकत नाही, पण ते आपलं काम नाही. नशा वाईट आहे हे पेशंटला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहितीय, त्याचं घर त्यात गेलंय. आपलं काम म्हणजे त्याला औषधापर्यंत आणणं आणि मग महिनोन्‌महिने त्या औषधावर टिकवून ठेवणं. तो सुटतो कुठे, तर बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन आठवड्यात, जेव्हा घरातलं कुणीतरी, नाहीतर गल्लीतले डॉक्टर, नाहीतर मेडिकलवाला त्याला म्हणतो, "अरे ही पण नशाच की, एक सोडून दुसरी लावून घेतली." एवढ्या एका वाक्यावर मी चांगले सावरत आलेले पेशंट परत गेलेले बघितलेत. म्हणून हे वाक्य बोलणाऱ्या माणसापर्यंत आपण आधी पोचायचं, पेशंटइतकंच त्याच्याशीही बोलायचं, हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

पहिली पायरी, आधी नशा कसली ते ओळखायला शिका

सगळ्यांना "ड्रग्ज" म्हणून एका पोत्यात घालू नका. ओपिऑइड म्हणजे अफू आणि अफूच्या जातकुळीतलं सगळं. गर्द म्हणजे ब्राऊन शुगर, डोडा किंवा भुक्की म्हणजे अफूच्या बोंडांचा भुसा, कोडीन असलेलं खोकल्याचं सिरप, ट्रॅमाडॉल आणि टॅपेंटाडॉलसारख्या दुखण्याच्या गोळ्या, पेंटाझोसीनची इंजेक्शनं. दारू यात येत नाही, गांजा येत नाही, एमडी म्हणजे मेफेड्रोन येत नाही, आणि आपल्याकडे जी शिंदी-ताडी पितात तीही येत नाही. हे यासाठी सांगतोय की पुढे ज्या गोळीबद्दल बोलणार आहे ती एमडीवाल्याला काही उपयोगाची नाही. आई रडत येते, पोरगा एमडीवर असतो, आणि नवीन कार्यकर्ता तिला "गोळी आहे की, बरा होईल" सांगून बसतो, असं होऊ देऊ नका.

सोलापुरात मला जास्त करून दिसलेत ते गोळीवाले. यंत्रमागावर रात्रपाळी करणारा माणूस, बारा-बारा तास उभा, कंबर गेलेली, कुणीतरी एक कॅप्सूल देतं, दुखणं थांबतं आणि वर अंगात जोरही येतो, मग एकाच्या दोन, दोनाच्या सहा. हायवेवर पुणे-हैदराबाद करणारे ड्रायव्हर वेगळे, त्यांच्यात डोडा आणि अफूची सवय जुनी. इंजेक्शनवाले वेगळेच, त्यांची काळजीही वेगळी, त्यावर खाली येतोच. आणि बायका. बायका ओपीडीत दिसत नाहीत म्हणून त्यांच्यात हे नाहीच असं समजू नका, विडी वळून मान-पाठ भरून येते, दुखण्याच्या गोळीतून सुरू झालेलं असतं आणि घरात कुणालाच माहिती नसतं.

आकडा लागतोच कुठे बोलताना, तर २०१९ चा केंद्र सरकारचा सर्व्हे आहे, एम्सच्या दिल्लीच्या केंद्राने केलेला. त्यात देशात साधारण २ कोटी २६ लाख लोक ओपिऑइड वापरतात आणि त्यातल्या सुमारे ७७ लाखांना मदतीची गरज आहे असं आलंय. सोलापूरचा वेगळा आकडा म्हणून कुणी काही फेकत असेल तर तो पुढे ढकलू नका.

दुसरी पायरी, औषध समजून घ्या, नीट

हा भाग घाईत वाचू नका, कारण तुम्हालाच पटलं नसेल तर तुम्ही आईला काय पटवणार.

ओपिऑइड रोज घेतलं की मेंदू त्याच्याशिवाय चालेनासा होतो. घेतलं नाही की टर्की लागते, म्हणजे नशा तुटल्यावर शरीराला होणारा त्रास. गर्दवाल्याला शेवटच्या डोसनंतर साधारण ८ ते १२ तासांत सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त, आठवड्याभरात शरीराचा त्रास उतरतो. बहुतेक घरच्यांना वाटतं की एवढा आठवडा कोंडून ठेवला की झालं. नाही होत. शरीराची टर्की जाते पण ओढ आणि झोप न लागणं महिनोन्‌महिने राहतं, आणि सगळ्यात धोक्याची गोष्ट ही की तोपर्यंत शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, माणूस जुन्याच मापाने घेतो आणि श्वास बंद पडतो. कोंडून, साखळीने बांधून, मार देऊन "सोडवणाऱ्या" ठिकाणांहून आलेल्या पेशंटला हा धोका सगळ्यात जास्त असतो. साखळीने बांधणं तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात सरळ बंद आहे.

म्हणून ब्युप्रेनॉर्फिन. जिभेखाली ठेवायची गोळी. मेंदूत ज्या जागेवर गर्द बसतं तीच जागा ही पकडते, पण अर्धवट चालवते, म्हणजे टर्की थांबते, ओढ कमी होते, आणि डोस वाढवला तरी एका मर्यादेपलीकडे नशाही वाढत नाही, श्वासही तेवढा दबत नाही. जागा आधीच भरलेली असल्यामुळे वरून गर्द ओढलं तरी मजा येत नाही. असल्या औषधांवर टिकलेल्या पेशंटमध्ये मृत्यूचा धोका साधारण निम्म्यावर येतो असं जगभरच्या अभ्यासांत दिसलंय, आणि जागतिक आरोग्य संघटनेने हे आणि याच कामाचं दुसरं औषध मेथाडोन दोन्ही २००५ मध्येच अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलंय. आपल्याकडे काही ठिकाणी हीच गोळी नॅलोक्सोन, म्हणजे ओपिऑइडचा असर उतरवणारं औषध, घालून येते, ४ भाग हे आणि १ भाग ते, म्हणजे कुणी विरघळवून टोचली तर त्याला टर्कीच लागावी. नॅलट्रेक्सोन नावाची तिसरी गोळी आहे, ती नशा अडवते पण आधी ७ ते १० दिवस पूर्ण कोरडा राहिलेला माणूसच ती घेऊ शकतो, नाहीतर जबरदस्त टर्की. कधी कुठली द्यायची हे डॉक्टर ठरवतील, तुम्ही फक्त तिघींची गल्लत करू नका.

आणि ही गोळी नशा आहे का या प्रश्नाला सरळ उत्तर द्या. शरीराला तिची सवय होते, हो, एकदम बंद केली तर त्रास होतो, हेही खरं. पण माणूस ती घेऊन कामावर जातो, पगार घरात देतो, रात्री झोपतो. लपवायची नाही, चोरी करायची नाही, दर चार तासांनी शोधत फिरायचं नाही. किती दिवस घ्यायची असं विचारतील, तर निदान वर्षभर तरी धरून चला, काहींना बरीच जास्त, आणि कमी करायची ती डॉक्टरसोबत हळूहळू. "तीन महिन्यात सुटेल" असं कुणालाही बोलू नका.

तिसरी पायरी, एक सकाळ ओपीडीत बसून बघा

फिल्डवर जायच्या आधी ज्या केंद्रात ब्युप्रेनॉर्फिन सुरू करतात तिथे एका पेशंटची पहिली गोळी सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघा, डॉक्टरांची आणि पेशंटची परवानगी काढून. पेशंटला आदल्या रात्रीपासून काही न घेता यायला सांगितलेलं असतं, आणि तो खरंच तसा आला असेल तर बघताक्षणी कळतं. बाकावर अंग आखडून बसलेला, सोलापूरच्या उन्हात शाल घेतलेली, जांभयांवर जांभया, नाक गळतंय, हातावर काटा, डोळ्यातली बाहुली मोठी. "लै दुखतंय ओ, आता द्या की," म्हणत असतो. आणि सिस्टर देत नाहीत, आधी नाडी मोजतात, ११ लक्षणांचा तक्ता भरतात, कारण पुरेशी टर्की लागायच्या आधी ही गोळी दिली तर ती आधीच्या नशेला जागेवरून ढकलून देते आणि टर्की अचानक दुप्पट होते. पेशंटला वाटतं गोळीनेच मारलं, आणि तो परत येत नाही. थांबायला लावण्याचं कारण त्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवलेलं असेल तर तो थांबतो, हे सांगून ठेवणं तुमचं काम.

गोळी जिभेखाली, ५ ते १० मिनिटं. गिळायची नाही, पाणी नाही, मावा-तंबाखू आधीच थुंकून तोंड धुवून यायचं, बोलायचंही नाही. गिळली तर बहुतेक वाया. मग तासाभराने तोच माणूस शाल बाजूला ठेवतो आणि चहा मिळेल का विचारतो. हे डोळ्यांनी बघितलेला कार्यकर्ता वस्तीत वेगळं बोलतो, म्हणून मी प्रत्येक नवीन माणसाला आधी तिथे बसवतो.

ही गोळी मेडिकलवर मागून मिळत नाही. सरकारी दवाखाने, एड्स नियंत्रणाच्या कार्यक्रमातली केंद्रं, परवाना असलेली व्यसनमुक्ती केंद्रं आणि मानसोपचारतज्ज्ञ यांच्यामार्फतच मिळते. सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत जाऊन आत्ता सोलापुरात कुठे-कुठे मिळतेय, कुठल्या वारी, किती वाजता, साठा आहे का, हे स्वतः विचारून लिहून घ्या. पेशंटला पाठवलं आणि तिथे "आज डॉक्टर नाहीत" म्हटलं तर तो पेशंट तुमचा गेला समजा.

चौथी पायरी, डॉक्टर आणि मेडिकलवाल्यांशी बोलणं

नवीन लोक हे टाळतात, "आपण काय डॉक्टरांना शिकवणार" म्हणून. शिकवायचं नाहीच, माहिती आणि फोन नंबर घेऊन जायचं. गल्लीतले डॉक्टर हे बहुतेक वेळा पेशंटला भेटणारे पहिले माणूस असतात. दुपारी ओपीडी रिकामी असते तेव्हा दहा मिनिटं मागा आणि तीनच गोष्टी बोला. एक, कंबरदुखीचा पेशंट ट्रॅमाडॉल नावाने मागत असेल, प्रिस्क्रिप्शन हरवलं म्हणत असेल, तर हाकलू नका, विचारा किती घेतो. झटका आला होता का हेही विचारा, ट्रॅमाडॉल जास्त झालं की फिट येऊ शकते. दोन, ओपिऑइडवाल्याला झोप येत नाही म्हणून अल्प्राझोलामसारखी गोळी देऊ नका, दोन्ही मिळून श्वास दाबतात. तीन, आमचा पेशंट ब्युप्रेनॉर्फिनवर असेल तर ती बंद करायला सांगू नका, शंका असेल तर केंद्राच्या डॉक्टरांना फोन करा, हा नंबर.

तिसरा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आणि तो कागदावर लिहून द्या. मी बघितलंय की डॉक्टर वाईट नसतात, त्यांना कॉलेजात हा विषय दोन-चार लेक्चरमध्ये उरकलेला असतो. ज्यांना खरंच शिकायचंय त्यांना बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेचे ऑनलाइन कोर्स सांगा, त्यात आपला पेशंट मांडून तज्ज्ञांशी दर आठवड्याला चर्चा करायची पद्धत आहे. एकदा हॉटेलात सेमिनार आणि सर्टिफिकेट, याने फार काही बदलत नाही, केस घेऊन वारंवार बोललं तरच हात बसतो.

मेडिकलवाल्यांकडे आरोपीसारखं बघत जाऊ नका. ट्रॅमाडॉल, कोडीन ही शेड्यूल एच-वन मधली, म्हणजे चिठ्ठीशिवाय न द्यायची औषधं, त्यांचं वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं, पेशंट आणि डॉक्टरचं नाव, किती दिलं, आणि ते ३ वर्षं जपावं लागतं. ट्रॅमाडॉल तर २०१८ पासून एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांच्या कायद्याखालीही आलंय. सत्तर फूट रोडकडच्या एका मेडिकलवाल्या काकांनी मला ते रजिस्टर उघडून दाखवलं होतं, एकाच आडनावाची तीन नावं, एकच अक्षर, आणि म्हणाले, "मला कळतंय हो, पण ह्याला नाही म्हटलं की पुढच्या दुकानात जातो, मी सांगू कुणाला?" त्यांना केंद्राचं कार्ड दिलं. आता ते "नाही" म्हणताना कार्डही देतात. नुसता नकार मिळालेला पेशंट दुसरं दुकान शोधतो, कार्ड मिळालेल्यांतला एखादा तरी येतो.

पाचवी पायरी, वस्तीत

वेळ बघून जा. विडी देऊन आल्यावर बायका घरी निवांत असतात, सकाळी विड्या मोजून द्यायच्या घाईत गेलात तर दारातच उभं राहाल. यंत्रमागवाल्याला पाळी सुटल्यावर, टपरीवर भेटा, कारखान्यात जाऊन नावाने हाक मारू नका, त्याचं काम जाईल. पूर्व भागात तेलुगू बोलणारं कुणी सोबत असलंच पाहिजे, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड, आणि कित्येक घरांत दखनी. मराठी सगळ्यांना समजते, पण बाई रडते ती तिच्या भाषेत.

गर्दुल्ला, नशेडी हे शब्द पेशंटसमोरही नको आणि ऑफिसात आपापसातही नको. अण्णा, मामा, भाऊ, जे चालतं ते म्हणा. पहिल्या भेटीत "सोड" म्हणू नका, झोप लागते का, अंग दुखतं का, इंजेक्शनची गाठ झालीय का ते विचारा. इंजेक्शनवाल्याला सुई वाटून घेऊ नको हे सांगा आणि सिव्हिलला एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी-सी ची तपासणी करून द्या. हिपॅटायटिस सी चा उपचार २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात फुकट आहे आणि बहुतेकांना १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो, हे ऐकून कित्येक जण पहिल्यांदा दवाखान्यात येतात, नशेसाठी नाही तर लिव्हरसाठी. येऊ देत. बाई गरोदर असेल तर तिला एकदम बंद करायला चुकूनही सांगू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

पोलिसांची भीती सगळ्यांना असते. एनडीपीएस कायद्याच्या ६४-अ कलमात, सेवनाच्या किंवा थोड्या प्रमाणात माल सापडल्याच्या केसमध्ये, स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेणाऱ्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं, उपचार पूर्ण करायच्या अटीवर. विक्रीच्या केसला ते नाही. यापुढचं वकिलाला विचारा, स्वतः वकील होऊ नका. पेशंटचं नाव मात्र कुणालाही द्यायचं नाही, नगरसेवकाला नाही, शेजाऱ्याला नाही, फोटो तर नाहीच.

घरच्यांना घेऊन बसा, आई आणि बायको दोघींना. गोळी कुलपात ठेवा म्हणावं, लहान मूल असेल तर जास्तच, लहान पोराने चघळली तर जीव जाऊ शकतो. आणि स्लिप झाली, म्हणजे मध्येच परत घेतली, तर काय करायचं हे आधीच ठरवून घ्या. एका पेशंटचे वडील जुने विणकर, पोराने महिन्याभराने परत एकदा ओढली तेव्हा सगळं घर डोक्यावर हात घेऊन बसलेलं, तर तेच म्हणाले, ताण्यातला एक धागा तुटला म्हणून कुणी अख्खी चादर फेकतं का, गाठ मारायची आणि माग चालू करायचा. मी आता हेच वाक्य दुसऱ्या घरांत सांगतो.

सहावी पायरी, श्वास थांबला तर

ही पायरी पाठच पाहिजे. हाक मारली, छातीच्या हाडावर बोटांनी जोरात चोळलं तरी उठत नाही, श्वास मिनिटाला आठ-दहाच्या खाली किंवा घोरल्यासारखा, ओठ निळसर, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. १०८ ला फोन. श्वास येत नसेल तर डोकं मागे करून तोंडाने श्वास द्या, येत असेल तर कुशीवर वळवा. अंगावर गार पाणी, मीठ, दूध, फिरवणं, यात वेळ घालवू नका. नॅलोक्सोनचं इंजेक्शन श्वास परत आणतं, पण त्याचा असर गर्दपेक्षा लवकर उतरू शकतो, म्हणून उठून बसला तरी दवाखान्यातच ठेवायचं. तुमच्या केंद्रात त्याचे अँप्युल आहेत का आणि तारीख संपलेली नाही ना, हे पहिल्याच आठवड्यात कपाट उघडून बघा.

लघवीच्या टेस्टबद्दल एक पटकन. साध्या मॉर्फिनच्या पट्टीवर ट्रॅमाडॉल दिसत नाही, ब्युप्रेनॉर्फिनही नाही, त्यांच्या पट्ट्या वेगळ्या. निगेटिव्ह आली म्हणून पेशंट खोटा नाही आणि खराही नाही, आणि पॉझिटिव्ह आली म्हणून त्याची गोळी बंद करायची नसते.

सातवी पायरी, टिकवणं

कॅलेंडर समोर ठेवून काम करा. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला, आषाढीला पंढरपूरला, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाच्या रथाला, पेशंट हमखास चुकतात, त्यामुळे आठवडाभर आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा की कुणाला किती दिवसांची गोळी घरी देता येईल. रमजानमध्ये डोसची वेळ सहरीला किंवा इफ्तारनंतर करून घ्यायची, हे पेशंट स्वतः विचारत नाही, तो सरळ गोळी बंद करतो, म्हणून तुम्ही विचारा. ड्रायव्हरचा तर रूटच लिहून घ्या.

एक दिवस आला नाही तर त्याच संध्याकाळी फोन करा, घरातल्या ज्या माणसाला करायची त्याने परवानगी दिलीय त्यालाच. दोन दिवस झाले तर भेटा. बऱ्याचदा कारण फार छोटं असतं, भाड्याला पैसे नव्हते, मुकादमाने सोडलं नाही, केसपेपर हरवला, लाज वाटली. चार-पाच दिवसांनी परत आला तर "कुठे मेला होतास" असं खिडकीवर कुणी बोलणार नाही याची काळजी घ्या, त्याला सरळ डॉक्टरांपुढे बसवा, कारण मध्ये बाहेरचं घेतलं असेल तर जुना डोस तसाच देता येत नाही, परत बघून ठरवावं लागतं. आणि डोस कमी पडतोय म्हणून बाहेरचं घेतोय का हे डॉक्टरांना सांगा, कमी डोसवर ठेवलेला पेशंट हटकून पळतो.

रात्री-अपरात्री घरच्यांना बोलायला कुणी लागलं तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय टोल फ्री नंबर आहे आणि १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, तो २४ तास आणि मराठीतही. दोन्ही नंबर केसपेपरच्या मागे पेनाने मोठ्या अक्षरात लिहून द्या, त्याखाली केंद्राचा नंबर आणि पुढची तारीख, वाचता येत नसेल तर बायकोच्या फोनमध्ये तिथल्या तिथे सेव्ह करून एक मिस कॉल मारून बघा.